डिंक्या, आंब्या आणि सर्च कन्सोल

लोकांनी गूगलवर कोणते शब्द शोधले आणि त्या शोधात आपले पान कितव्या क्रमांकावर दिसले, याची यादी वेबसाइट चालवणाऱ्यांना गूगलच्या 'सर्च कन्सोल' या साधनात मिळते. दर सोमवारी सकाळी मी ती यादी वाचतो. वीज असेल तर संगणकावर, नसेल तर मोबाइलवर. मागच्या पावसाळ्यात त्या यादीत एक ओळ आली: 'संत्र्याच्या झाडाले डिंक काहून येते'. ही ओळ कोणी टाइप केलेली नव्हती हे उघड होते. बागेत उभे राहून कोणीतरी थेट फोनलाच विचारले होते आणि फोनने जसे ऐकले तसे, 'ले' आणि 'काहून' यांच्यासकट, उतरवून घेतले होते. शिवाय हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नव्हता, कारण अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणाच्या कारणास्तव या यादीत दाखवतच नाही. तेच शब्द बऱ्याच जणांच्या तोंडून गेल्याशिवाय ती ओळ माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

माझ्या वेबसाइटवर या रोगाचे, म्हणजे डिंक्याचे, पान २०११ पासून आहे. 'संत्रावर्गीय फळझाडांवरील पायकूज व डिंक्या रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन' असे त्याचे शीर्षक होते आणि विद्यापीठाच्या पुस्तिकेसारखे भारदस्त वाटावे म्हणून ते मी मोठ्या हौसेने दिले होते. वरच्या प्रश्नासाठी ते पान सरासरी एकतिसाव्या क्रमांकावर होते. एकतिसावा क्रमांक म्हणजे शोधनिकालांचे चौथे पान, आणि बागेत उभा असलेला माणूस तिथपर्यंत कधीच जात नाही.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरची सहा एकर शेती आहे, त्यातल्या चार एकरांत संत्रा आहे, आणि २००९ पासून या एकाच पिकावर मी मराठीतून एक वेबसाइट चालवतो. डोमेन, होस्टिंग, लेखन, छायाचित्रे, दुरुस्ती, प्रसार आणि वाचकांचे फोन ही सगळी कामे एकट्याची आहेत. शहरातल्या कंपनीत यांपैकी प्रत्येक कामाला वेगळा माणूस आणि त्याला वेगळे पदनाम असते. आमच्याकडे 'इंटरनेटवाले भाऊ' एवढ्यात सगळे आटोपते. वेबसाइटचा प्रसार कसा करावा यावर सल्ले पुष्कळ मिळतात, परंतु ते बहुतेक इंग्रजी वेबसाइटींच्या अनुभवावर बेतलेले असतात. माझ्या अनुभवाला आले ते असे की, ग्रामीण मराठी वेबसाइटचा जीव मुख्यतः दोन गोष्टींत असतो: वाचक कोणत्या शब्दांत विचारतो आणि कोणत्या महिन्यात विचारतो. तंत्राचा बाकीचा खटाटोप त्याच्या मागून येतो.

शब्दांचे आधी सांगतो. संत्र्याला हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा म्हणजे 'अंबिया बहार', पण हे नाव आमच्या भागात फक्त कागदावर असते. बोलताना तो 'आंब्या' असतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर येणारा मृग बहार हा 'मिरग' असतो. पुण्याकडचा वाचक 'संत्री' शोधतो, आमचा माणूस 'संत्रा' शोधतो. कॉपर सल्फेट हे नाव पिशवीवर छापलेले असते, दुकानात मात्र मोरचूदच मागितले जाते. काळ्या माशीमुळे पाने काळी पडली की त्याला सगळे 'कोळशी' म्हणतात, आणि माझ्या पानावर 'कोळशी' हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात एकदाच, तोही अवतरणात, आलेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून शोधण्याची सोय दिली. त्याआधी माझ्या यादीत दोन-तीन शब्दांचे शोध असत, आणि त्यांतले पुष्कळसे रोमन लिपीत असत, कारण मोबाइलवर जोडाक्षरे टाइप करण्याचा लोकांना कंटाळा होता. त्यानंतर हळूहळू पूर्ण वाक्ये येऊ लागली, आणि त्या वाक्यांबरोबर बोलीही आली.

यावरून पान वऱ्हाडीतच लिहावे असा निष्कर्ष मी काढला नाही. डिंक्या मोसंबीवरही येतो, जालन्याकडचे मोसंबीवाले माझे नेहमीचे वाचक आहेत, आणि त्यांना 'काहून' परके वाटेल. म्हणून शीर्षक बदलून 'संत्र्याच्या झाडातून डिंक का निघतो? डिंक्या रोगाची ओळख आणि उपाय' असे केले, या रोगाला लोक काय काय म्हणतात ते पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात सांगितले, आणि 'एकात्मिक व्यवस्थापन' खाली नेले. एकच शब्द दहा रूपांत पानभर पेरण्याचा उद्योग मात्र केला नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी तोही केला होता. त्या काळातली माझी पाने आज वाचली की लाज वाटते, कारण एका परिच्छेदात 'संत्रा लागवड' हा शब्द अकरा वेळा आलेला आहे आणि लागवड कशी करावी हे एकदाही आलेले नाही. नव्या शीर्षकानंतर दोन महिन्यांत ते पान त्या प्रश्नासाठी चौथ्या क्रमांकावर आले.

शीर्षक बदलले, तरी पानाचा पत्ता मी बदलला नाही, आणि तो पत्ता हा एक स्वतंत्र विनोद आहे. ज्या प्रणालीवर माझी वेबसाइट चालते ती वर्डप्रेस आपण दिलेल्या शीर्षकावरून पत्ता तयार करते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या अक्षरसंकेतात तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना वेगळी होते. वर्डप्रेसची पत्त्यासाठीची मर्यादा २०० अक्षरांची आहे. 'संत्रावर्गीय' या एका शब्दातच १२ चिन्हे, म्हणजे १०८ जागा जातात. त्यामुळे माझ्या त्या भारदस्त शीर्षकाचा पत्ता 'संत्रावर्गीय-फळझाडांवरी' इथे तुटला आहे. शेवटचा 'ल'सुद्धा त्यात मावला नाही. व्हॉट्सॲपवर हा पत्ता पुष्कळदा टक्क्यांच्या आणि आकड्यांच्या लांबलचक माळेसारखा दिसतो. गावातल्या एका काकांनी तो व्हायरस समजून ग्रुपवर 'कोणीही उघडू नये' अशी सूचना टाकली होती, आणि ती सूचना माझ्या पानापेक्षा जास्त लोकांनी वाचली. तेव्हापासून नव्या पानांचे पत्ते मी रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचे, हाताने लिहितो. जुन्या पत्त्यावर मात्र इतकी वर्षे लोक येत आहेत, इतरांनी तिकडे दुवे दिलेले आहेत, त्यामुळे तो तुटका असला तरी तसाच ठेवला आहे.

याहून छुपा प्रकार 'ऱ्या'चा आहे. 'सुकणाऱ्या', 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दांतला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकीत नुक्तावाला स्वतंत्र ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात; यंत्राच्या दृष्टीने मात्र ते वेगवेगळे शब्द असतात. माझी जुनी पाने एका कीबोर्डावर आणि नवी दुसऱ्या कीबोर्डावर टाइप झालेली असल्यामुळे, माझ्याच वेबसाइटच्या शोधपेटीत 'सुकणाऱ्या फांद्या' असे शोधले तर अर्धीच पाने सापडत. एका वाचकाने फोन करून विचारले, "भाऊ, थे शेंडे वाळत होते त्याचं पान काढून टाकलं का?" मी पान काढलेले नव्हते. डेटाबेसचा बॅकअप घेऊन सगळीकडे एकच रूप करायला मला दोन रात्री लागल्या, आणि अजूनही कुठून काही चिकटवताना दुसरे रूप आत शिरते.

आता महिन्यांकडे वळतो. आंब्या बहाराच्या संत्राबागेला डिसेंबरात पाणी बंद करून ताण देतात, जानेवारीत तो तोडून पाणी सुरू करतात, मग फुले येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळीची धास्ती असते आणि दिवाळीच्या आगेमागे तोडणी सुरू होते. माझ्या वेबसाइटची वर्दळ अगदी याच क्रमाने वरखाली होते. नवे पान टाकल्यानंतर ते गूगलच्या नोंदीत येऊन, त्याची पत वाढून, पहिल्या दहांत यायला मला साधारण दोन ते तीन महिने लागतात, असे माझ्या जुन्या नोंदी सांगतात. म्हणून फळगळीचे पान सप्टेंबरात लिहिणे म्हणजे वरातीमागून घोडे. ते जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत, लिहून झालेले असावे लागते. हे मला फार उशिरा कळले, आणि त्याचे एक कारण असे की, जुन्या सर्च कन्सोलमध्ये फक्त नव्वद दिवसांची माहिती मिळत असे. नऊ-दहा महिन्यांचा बहार नव्वद दिवसांच्या फटीतून पाहिला की वर्दळ का वाढली आणि का पडली ते समजत नाही. ऑक्टोबरात आकडे घसरले की मी गूगलने काहीतरी बदलले म्हणून डोके धरून बसत असे, आणि प्रत्यक्षात फळगळीचा हंगाम उलटलेला असे. २०१८ मध्ये नव्या सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांची माहिती मिळू लागली, तेव्हा पहिल्यांदा या वर्षीचा आंब्या मागच्या वर्षीच्या आंब्याशेजारी ठेवून पाहता आला. शेतीच्या वेबसाइटीसाठी गूगलने केलेली इतकी उपयोगी गोष्ट दुसरी मला आठवत नाही, आणि ती शेतीसाठी केलेली नव्हती.

पानाचे वजन हाही प्रसाराचाच भाग आहे, पण त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या बागांत मोबाइलची रेंज एका झाडाखाली असते आणि दुसऱ्याखाली नसते. मी फिरत्या चित्रांची थीम काढून टाकली, बाहेरून येणारा सजावटीचा फॉन्ट काढून फोनमधलाच देवनागरी फॉन्ट वापरला, छायाचित्रे लहान केली, आणि बांधावर उभे राहून पान उघडते का ते पाहिले. त्यापलीकडे काही केले नाही.

प्रसाराच्या नादात मी केलेली सगळ्यात मोठी चूक विकतच्या दुव्यांची आहे. २०११ मध्ये ओळखीतल्या एका माणसाच्या सांगण्यावरून मी तीन हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटींवरून माझ्या पानाकडे येणारे दुवे, घेतल्या. ज्या वेबसाइटींवर त्या लावल्या गेल्या त्यांपैकी एकीचाही शेतीशी संबंध नव्हता, आणि पाचशेही ठिकाणी 'संत्रा लागवड' हेच शब्द होते. काही महिने माझे पान पहिल्या क्रमांकावर राहिले आणि मी चारचौघांत मिरवले. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने असल्या बनावट दुव्यांची पाने मागे टाकणारे 'पेंग्विन' आणले, ते सगळ्या भाषांसाठी एकाच वेळी आणले, आणि दोन आठवड्यांत माझ्याकडे येणारे वाचक जवळजवळ थांबले. ऑक्टोबर २०१२ मध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोय मिळाली. मी यादी दिली, पण अर्धवट दिली, कारण पाचशेंपैकी निम्म्या वेबसाइटी मला सापडतच नव्हत्या. त्या काळात पेंग्विन सतत चालत नसे, मधूनमधून त्याची फेरी होई. मे २०१३ च्या फेरीत माझे काहीच सुधारले नाही आणि ऑक्टोबर २०१४ च्या फेरीनंतर पाने पुन्हा दिसू लागली. अडीच वर्षे, म्हणजे आंब्याचे दोन आणि मिरगाचे दोन बहार, तीन हजार रुपयांपायी गेले. ज्याने दुवे विकले त्याच्यावर माझा राग नाही. त्याने जे सांगितले ते दिले होते.

खरे दुवे त्यानंतर आले, आणि ते इंटरनेटवरून आले नाहीत. शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध गाव आमच्याच तालुक्यात आहे. तिथल्या एका रोपवाटिकेच्या मालकांना मी विचारले की, कलम नेणाऱ्या शेतकऱ्याला पावतीबरोबर एक चिठ्ठी द्याल का. चिठ्ठीवर एक क्यूआर कोड आणि एकच वाक्य होते: कलमाची डोळा बांधलेली जागा मातीखाली जाऊ देऊ नका, कारण डिंक्या तिथूनच सुरू होतो. चिठ्ठीतल्या एका वाक्याचा उपयोग झाला की माणूस कोड स्कॅन करतो, असे दिसले. कोड स्कॅन करून आलेले लोक लागवडीच्या पानावर सरासरीपेक्षा बराच जास्त वेळ थांबतात, आणि त्यांतले काही जण पुढच्या वर्षी ताणाच्या पानावर पुन्हा येतात. व्हॉट्सॲपवरून येणारे वाचक याहून कितीतरी जास्त आहेत, पण विश्लेषणाच्या तक्त्यात ते बहुधा 'थेट आलेले' म्हणून नोंदले जातात, त्यामुळे कोणत्या ग्रुपने कोणते पान उचलले हे कधीच नीट कळत नाही.

आणि व्हॉट्सॲपवर काय उचलले जाईल यावर आपला काहीही ताबा नसतो, हे मला २०१५ च्या मे महिन्यात कळले. बोर्डो मिश्रण आणि बोर्डो पेस्ट या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकांची प्रमाणे मी एका पानावर दिली होती. फवारणीच्या एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. खोडाला लावण्याच्या पेस्टला मोरचूद आणि चुना तेवढाच, पण पाणी १० लिटरच लागते. वरची ओळ खाली चिकटवताना पेस्टच्या पुढेही १०० लिटर राहिले. पावसाळ्याच्या तोंडावर खोडांना पेस्ट लावण्याचे दिवस होते. मोर्शीकडच्या एका काकांचा फोन आला.

"भाऊ, तुमच्या हिशेबानं पेस्ट केली, पण थे तं खोडाले लागूनच नाही रायली. पाण्यासारखी वाहून रायली."

"काका, पाणी किती टाकलं?"

"तुमी लिवलं तेवढंच. शंभर लिटर."

मी पाच मिनिटांत पान दुरुस्त केले, त्यांची माफी मागितली आणि मोरचुदाचे पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. पान दुरुस्त झाले तरी चूक दुरुस्त झाली नाही. तोपर्यंत दुसऱ्या एका, माझ्यापेक्षा मोठ्या वेबसाइटने ते पान शब्दशः उचललेले होते, आणि तिथून ते दुव्याशिवाय, नुसता मजकूर म्हणून, व्हॉट्सॲपवर सुटले होते. आजही मे महिन्यात तो निरोप कोणत्या तरी ग्रुपमधून माझ्याकडेच परत येतो, आणि त्याखाली 'शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा' असे लिहिलेले असते. माझ्या हातून इतका यशस्वी प्रसार दुसऱ्या कोणत्याही मजकुराचा झालेला नाही. तेव्हापासून प्रत्येक प्रमाण मी मजकुराबरोबर एका चित्रातही देतो, त्या चित्रावर वेबसाइटचा पत्ता आणि दुरुस्तीची तारीख असते, आणि पान टाकण्यापूर्वी बायको विद्यापीठाची पुस्तिका हातात धरून बसते आणि मी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचतो. तिने आतापर्यंत दोनदा थांबवले आहे.

पैशांविषयी विचारले जाते म्हणून थोडक्यात लिहितो. वेबसाइटवर जाहिराती देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्सने डिसेंबर २०१४ मध्ये हिंदीला जागा दिली, मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षे थांबावे लागले. जमा रक्कम १० डॉलर झाली की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन येतो. माझी पहिली दोन पत्रे पोचली नाहीत, तिसरे पोस्टमननी शेतात आणून दिले आणि परदेशातून काय आले म्हणून थांबून पाहिले. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. माझे उत्पन्न होस्टिंग आणि डोमेनचा खर्च भागवून वर्षाकाठी एका फवारणीच्या औषधाइतके उरते. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी आणि हिंदी शोधांवर एआयने तयार केलेली उत्तरे दिसू लागली. ज्याला नुसते प्रमाण हवे तो तिथूनच माघारी जाईल अशी माझी अटकळ आहे, आणि ते प्रमाण कोणत्या पानावरून उचललेले असेल या विचाराने मला ते १०० लिटर आठवतात.

एकट्याच्या वेबसाइटचा खरा धोका तो एकटा असणे हाच असतो. २०१९ च्या सप्टेंबरात डोमेनची मुदत संपली, कारण सूचनेची पत्रे मी वापरणे सोडलेल्या ईमेलवर जात होती. ऐन फळगळीत तीन दिवस माझ्या पत्त्यावर कोणाच्या तरी जाहिराती दिसत होत्या, आणि मला ते बसस्टँडवर भेटलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून कळले. सवलतीचे दिवस शिल्लक होते म्हणून डोमेन हातचे गेले नाही. आता मी ते एकदम अनेक वर्षांसाठी भरून ठेवतो, आणि डोमेन, होस्टिंग, बॅकअप यांची माहिती एका वहीत लिहून ती वही कपाटात सातबाऱ्याबरोबर ठेवली आहे. पुतण्या बारावी झाला आहे आणि त्याला या कामात गोडी दिसते, म्हणून ती वही कुठे आहे हे त्याला दाखवले आहे. मागच्या महिन्यात सोमवारची यादी पहिल्यांदा त्याने वाचली आणि वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी उतरवून ठेवल्या. पहिल्या दोन प्रश्नांची पाने आपल्याकडे आहेत. 'मिरग फुटला नाही तं का करावं' या तिसऱ्याचे पान नाही, आणि ते मार्चच्या आत लिहून व्हायला हवे.